गोगलगायीच्या अंड्यात कॅफिन: ठोके मोजा, ऊन मोजू नका

कॅफिनमुळे वाढत्या गर्भाचे हृदय जोरात पळते का, हे पाहायला अंडी घ्यायची, कॅफिनच्या पाण्यात ठेवायची आणि ठोके मोजायचे. सांगायला इतके सोपे आहे. तरी आपल्याकडे हा प्रयोग फसतो, आणि बहुतेक वेळा त्याचा कॅफिनशी काही संबंध नसतो. सकाळी नऊला साध्या पाण्यातले गर्भ मोजून झाले, कॅफिनवाले हाती घेईपर्यंत बारा वाजले, आणि टिनाच्या छपराखालची खोली २४ अंशांवरून ३० वर गेली. ज्या प्राण्यांचे शरीर भोवतालच्या तापमानाने चालते, त्यांच्या हृदयाचे ठोके दहा अंशांना साधारण दुप्पट होतात, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे दर अंशाला सुमारे ७ टक्के. समजा सकाळी मिनिटाला ६० ठोके होते, तर सहा अंश वाढल्यावर कॅफिनचा थेंबही न घालता ते ९० च्या आसपास जातील. वहीत मात्र "कॅफिनने ५० टक्के वाढ" असे लिहिले जाते.

म्हणून पुढे कॅफिनपेक्षा तापमानाबद्दल जास्त लिहिले आहे. ज्युनिअर कॉलेज किंवा पदवीच्या प्रकल्पासाठी हे पुरेसे आहे. शाळेत करायचे तर कॅफिन शिक्षकांनीच हाताळावे.

कोणता प्राणी घ्यावा

कोंबडीचे अंडे पहिल्यांदा सुचते. दुकानातले अंडे बहुधा फलित नसते, कारण लेअर कोंबड्यांमध्ये कोंबडा नसतोच. गावरान फलित अंडे मिळवून उबवले तरी खिडकी पाडताच आतले तापमान घसरते आणि हृदय मंदावते. शिवाय कण्याच्या प्राण्यांवर प्रयोग म्हटले की १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालची समिती आणि परवानग्या यांचा प्रश्न येतो. झेब्राफिश हा छोटा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला, गर्भ काचेसारखा पारदर्शक, पण तोही कण्याचाच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचे हृदय मिनिटाला शंभराच्या बरेच वर धडधडते, तेव्हा नुसत्या डोळ्यांनी मोजताना चूक होते. डाफ्निया या पाणपिसवेचे हृदय याहूनही वेगाने चालते, आणि पाहतो तो बहुधा मोठा प्राणी असतो, गर्भ नव्हे.

तळ्यातल्या पाणगोगलगायीचा गर्भ या सगळ्यांत सोयीचा. अंडी पारदर्शक जेलीत असतात, प्रत्येक गर्भ आपल्या कुपीत फिरताना दिसतो, आणि हृदय इतके सावकाश चालते की पेनाने टिंबे मारत मोजता येते.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्यांची, म्हणजे छोट्या तळ्यांची, कमी नाही. शिंगाड्याचे किंवा कमळाचे पान उलटे करून पाहा. दोन जाती कामाच्या. लिम्नियाचे कवच टोकदार, पेचदार असते. टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरले तर तोंड उजवीकडे येते. तिची अंडी लांबट, बोटाच्या पेरासारख्या स्वच्छ जेलीत असतात. इंडोप्लॅनॉर्बिसचे कवच चपट्या चकतीसारखे, अंड्यांचा पुंजका पसरट आणि किंचित पिवळसर. तिला डिवचले तर लाल द्रव बाहेर येतो. तो रंग हिमोग्लोबिनचा आहे, ती जखमी झाली असे समजून फेकू नका. दोन्ही चालतात, पण एका प्रयोगात एकच जात घ्या.

काठावरच्या ओल्या मातीत पांढरी, चुन्यासारखी कडक अंडी सापडली तर ती मोठ्या पायला गोगलगायीची. आतले काही दिसत नाही, सोडून द्या. बेलामिया गोगलगायीची अंडी शोधण्यात तर दिवस घालवूच नका, ती पिलेच देते.

विदर्भाच्या पश्चिमेकडे, यवतमाळ-बुलडाण्याकडे, तलाव कमी असले तरी शेततळ्यात आणि कालव्याच्या संथ पाण्यात गोगलगाय मिळते. मात्र कपाशीच्या वावराला लागून असलेल्या नाल्यातून फवारणीच्या दिवसांत काही आणू नका. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली कीटकनाशके ॲसिटिलकोलिन (नसांचा निरोप पोहोचवणारे रसायन) मोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम, बंद पाडतात. गोगलगायीत ॲसिटिलकोलिन हृदयाला मंद करते. म्हणजे तुमचा साध्या पाण्यातला गट आधीच औषध घेऊन आलेला असेल.

हातमोजे घाला, जाळी वापरा. धानाच्या बांधीत रोवणी करताना पायांना जी खाज सुटते तिच्यामागे पुष्कळदा याच गोगलगायींतून बाहेर पडणाऱ्या कृमींच्या अळ्या असतात. त्या कृमी जनावरांच्या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या, माणसाच्या अंगात वाढत नाहीत, पण कातडीत घुसून पुरळ आणतात. पाण्यात हात गेलाच तर लगेच फडक्याने खसखसून पुसा आणि साबणाने धुवा.

घरची अंडी बरी

तलावातून आणलेल्या पुंजक्याचे वय कळत नाही, आणि वयानुसार हृदयाची गती बदलते. पाच दिवसांचा आणि आठ दिवसांचा गर्भ एकाच गटात मिसळलात तर निकालाला अर्थ राहत नाही. त्यापेक्षा सहा-सात मोठ्या गोगलगायी रुंद तोंडाच्या बरणीत ठेवा. दोन-तीन लिटर पाणी, उकळत्या पाण्यातून काढलेली पालकाची पाने, आणि कॅल्शियमसाठी धुऊन चुरलेले अंड्याचे कवच. नर-मादी शोधत बसू नका, प्रत्येक गोगलगाय दोन्ही असते. आत प्लास्टिकच्या पारदर्शक फाइलची एक पट्टी उभी लावा, अंडी तिच्यावरच चिकटतात आणि पट्टी कापून सूक्ष्मदर्शकाखाली नेता येते. अंडी घालत नसतील तर पाणी पूर्ण बदला. स्वच्छ ताजे पाणी मिळाले की लिम्निया एक-दोन दिवसांत अंडी घालते.

रोज सकाळी पट्टी पाहा, नवा पुंजका वेगळ्या डब्यात काढा, डब्यावर तारीख लिहा. तापमानानुसार एक ते दोन आठवड्यांत पिले बाहेर येतात. आधी गर्भ ठिपक्यासारखा गोल गोल फिरतो, मग कवच दिसू लागते, मग दोन काळे डोळे. डोळे दिसू लागले, कवचाखाली हृदय स्पष्ट हलते आहे, पण गर्भ अजून कुपीच्या भिंतीवर सरपटत नाही, तोच टप्पा घ्या. सरपटायला लागला की हालचालीनेच ठोके बदलतात. कुपी फोडून बाहेर आलेले पिलू प्रयोगात घेऊ नका.

पाणी

नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते. बादलीत उघडे ठेवून एक पूर्ण दिवस जाऊ द्या. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले बोअरचे पाणी गोगलगायीला मानवत नाही. आणि आरओच्या कॅनचे पाणी म्हणजे जवळजवळ कॅल्शियमविना पाणी, त्यात गर्भ टिकत नाहीत. ज्या पाण्यात बरणीतल्या गोगलगायी आठवडाभर नीट आहेत तेच पाणी कापडातून गाळून घ्या. तेच साध्या पाण्याच्या गटाला, तेच कॅफिन विरघळवायला. यात कंजुषी करू नका: एकाच बादलीतले, एकाच दिवशीचे पाणी हवे.

कॅफिनचे द्रावण

कॉफी वापरू नका. इन्स्टंट कॉफीत बऱ्याचदा चिकोरी असते, द्रावण आंबट आणि रंगीत होते, आणि परिणाम कशाचा हे सांगता येत नाही. डोकेदुखीच्या गोळीत कॅफिनसोबत पॅरासिटामॉल असते. प्रयोगशाळा रसायनांच्या दुकानातून शुद्ध कॅफिन आणा. २५ ग्रॅमची बाटली वर्षानुवर्षे पुरते.

ही पूड साखरेसारखी पांढरी दिसते. एका कप कॉफीत सुमारे १०० मिलिग्रॅम कॅफिन असते. पुडीचे पाच-दहा ग्रॅम मोठ्या माणसाचा जीव घेऊ शकतात. बाटली कुलपात ठेवा, चहा-साखरेच्या जवळपासही नको.

मूळ द्रावण १० मिलिमोलरचे (लिटरमागे मोलचे दहा हजारांश) करा. कॅफिनचा रेणुभार १९४.२, म्हणून ५०० मिलिलिटर पाण्यात ०.९७ ग्रॅम. १०० मिलिलिटरच केले तर ०.१९ ग्रॅम मोजावे लागतील, आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या सोनाराच्या काट्यावर तिथे पाच टक्क्यांची चूक सहज होते; ०.९७ मध्ये ती एक टक्क्यावर येते. बाटलीवरचे लेबल वाचा: पाण्याचा रेणू जोडलेले, म्हणजे मोनोहायड्रेट, असेल तर रेणुभार २१२.२ होतो आणि ५०० मिलिलिटरला १.०६ ग्रॅम लागतात. थोड्या कोमट पाण्यात आधी विरघळवा, मग बाकीचे पाणी घालून माप पूर्ण करा आणि खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

पुढचे सगळे सुई काढलेल्या सिरिंजने होते. मूळ द्रावण १ मिलिलिटर आणि पाणी ९ मिलिलिटर, हे झाले १ मिलिमोलर. त्यातले १ मिलिलिटर पुन्हा ९ मिलिलिटर पाण्यात, हे ०.१. मूळ द्रावण आणि पाणी निम्मे-निम्मे, हे ५. अशा तीन मात्रा आणि साधे पाणी, एवढे पहिल्यांदा पुरे. मूळ द्रावण जसेच्या तसे शेवटी एकदा पाहा, का ते पुढे येईल.

बाटल्यांवर मात्रा लिहू नका. क, ख, ग, घ एवढेच लिहा, आणि कोणते अक्षर म्हणजे काय हे मोजणाऱ्याला सांगू नका. मोजणाऱ्याला वाढ अपेक्षित असली की अर्धवट दिसलेला ठोका तो धरून चालतो. ही लबाडी नव्हे, डोळा असाच असतो.

तापमान धरून ठेवणे

इनक्युबेटर असेल तर उत्तम, पण दुपारी लाइन गेली की तोही नुसता डबाच. पाण्याचा साठा त्याहून भरवशाचा. मोठ्या अॅल्युमिनियमच्या गंजात (पातेल्यात) दहा लिटर पाणी भरा, तो सावलीत, भिंतीपासून दूर ठेवा, बाहेरून गोणपाट गुंडाळा. गर्भांची भांडी त्यात तरंगत ठेवा. इतके पाणी सावकाश तापते. तासा-दीड तासाच्या मोजणीत अर्ध्या अंशाच्या आत राहिले तर उन्हाचा वाटा तीन-चार टक्क्यांवर येतो. तापमान चढू लागले तर माठातले पाणी कपाकपाने घाला. बर्फ नको, एका कोपऱ्यात थंड आणि दुसरीकडे गरम अशी गत होते.

भांडे म्हणून २४ खळ्यांची प्लेट मिळाली तर ती घ्या. नाहीतर औषधाच्या गोळ्यांचे रिकामे पारदर्शक पाकीट, मागची चंदेरी पन्नी पूर्ण काढून आणि नीट धुऊन. एका खळग्यात एक गर्भ, म्हणजे कोणता कोणता ही भानगड राहत नाही. पण खळग्यात अर्धा मिलिलिटर पाणी मावते, आणि आपल्या कोरड्या हवेत ते तासाभरात दिसण्याइतके आटते. पाणी आटले की कॅफिनची मात्रा वाढली. वर काच किंवा दुसरे पाकीट झाकून ठेवा. कूलरच्या झोतात तर ठेवूच नका.

सूक्ष्मदर्शकाचा जुना पिवळा बल्ब हा दुसरा सूर्य आहे. एलईडी वापरा किंवा आरशाने खिडकीचा उजेड घ्या, थेट ऊन नव्हे. बल्बच असेल तर पाहतानाच लावा. एक गर्भ सूक्ष्मदर्शकाखाली तीन मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका.

वेळ निवडता येत असेल तर कार्तिक ते माघ, सकाळी लवकर. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरला या प्रयोगाच्या वाटेला जाऊ नये.

कॅफिनच्या आधी एक पूर्ण सकाळ फक्त तापमानासाठी द्या. साध्या पाण्यातले सहा गर्भ २२, २६ आणि ३० अंशांना, प्रत्येक वेळी वीस मिनिटे स्थिरावू देऊन, मोजा. तीन बिंदू आलेखावर मांडले की तुमच्या गोगलगायीत एक अंश म्हणजे किती ठोके हे कळते. पुढे कुठलाही फरक दिसला की आधी या आलेखाशी ताडून पाहायचा.

प्रत्यक्ष मोजणी

पुंजक्याची जेली काढा. ओल्या गाळण कागदावर पुंजका हलक्या हाताने लोळवला की जेली चिकटून निघते आणि कुप्या सुट्या होतात. कुपी फुटू देऊ नका. फुटली तर गर्भाभोवतीचा पोषक द्रव जातो आणि तो गर्भ बाद.

प्रत्येक गटाला किमान दहा गर्भ, आणि ते तीन किंवा जास्त पुंजक्यांतून. एका पुंजक्यातले गर्भ एकमेकांची भावंडे आणि एकाच वयाचे असतात. पहिला पुंजका सगळा साध्या पाण्यात आणि दुसरा सगळा कॅफिनमध्ये घातलात तर तुम्ही कॅफिन नव्हे, दोन पुंजक्यांतला फरक मोजला. प्रत्येक पुंजका चारही गटांत वाटा.

सगळ्यांना आधी साध्या पाण्यात वीस मिनिटे ठेवून पहिली मोजणी करा. मग प्रत्येक खळग्यातले पाणी काढून त्यात त्याच्या अक्षराचे द्रावण भरा, लगेच पुन्हा काढून पुन्हा भरा, म्हणजे उरलेल्या पाण्याने मात्रा पातळ होत नाही. साध्या पाण्याच्या गटाचेही पाणी तसेच दोनदा बदला. पाणी बदलण्याच्या धक्क्यानेच ठोके बदलू शकतात, तो धक्का सगळ्यांना सारखा बसला पाहिजे.

मग १५, ३० आणि ६० मिनिटांनी मोजा. पाच मिनिटांत मोजून "काहीच फरक नाही" असे लिहिणारे पुष्कळ. कॅफिनला कुपीचे आवरण आणि आतला घट्ट द्रव ओलांडून जायचे असते, जेली राहिली असेल तर आणखी उशीर.

मोजणीचा क्रम फिरता ठेवा: क मधला एक, ख मधला एक, ग, घ, पुन्हा क. पाण्याचे तापमान थोडे सरकलेच तर ते सगळ्या गटांत वाटले जाते. प्रत्येक नोंदीशेजारी तापमान लिहा.

चार पट किंवा दहा पट भिंगाखाली कवचाच्या कडेजवळ, कवचाखाली, हृदय दिसते. दोन कप्पे आळीपाळीने भरतात आणि रिकामे होतात. दोन्ही मोजलेत तर आकडा दुप्पट येतो. एकावर, जो जास्त ठळक आकसतो त्यावर, नजर ठेवा. गर्भ कुपीत फिरतो आणि हृदय पलीकडे जाते. तेव्हा अंदाज लावू नका, ती नोंद टाकून परत वळेपर्यंत थांबा. पूर्ण शरीराचे आकुंचन हा ठोका नव्हे.

पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नका, एका ठोक्याची चूक चाराची होते. तीस सेकंद मोजा, किंवा उलटे करा: वीस ठोक्यांना किती सेकंद लागले ते स्टॉपवॉचवर घ्या. मोबाइल सूक्ष्मदर्शकाच्या वरच्या भिंगाला टेकवून व्हिडिओ घेतला आणि नंतर अर्ध्या वेगाने पाहिला तर वादच मिटतो, शिवाय दुसरा माणूस स्वतंत्रपणे मोजू शकतो. दोघांत दोन ठोक्यांपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा.

६० मिनिटांची मोजणी झाली की सगळ्यांना पुन्हा साध्या पाण्यात धुऊन ठेवा आणि तासाभराने मोजा. ठोके मूळ गतीकडे परतले तर तो औषधाचा परिणाम. परतलेच नाहीत तर गर्भ दुखावला आहे, आणि त्या मात्रेचा आकडा उत्तेजनाचा म्हणून मांडता येत नाही. हा भाग वेळ नाही म्हणून सोडला जातो. सोडू नका.

आकड्यांचे काय करायचे

प्रत्येक गर्भाचा स्वतःच्या पहिल्या मोजणीशी फरक टक्क्यांत काढा. मग गटाची सरासरी. मग त्यातून साध्या पाण्याच्या गटाची सरासरी वजा करा. समजा कॅफिनच्या गटात २० टक्के वाढ आणि साध्या पाण्यातही ८ टक्के, तर कॅफिनच्या नावावर १२ च. साध्या पाण्यातलीच वाढ १५ टक्क्यांवर गेली असेल तर तापमान दोन अंश चढले आहे. तो दिवस बाद करून गंजातले पाणी वाढवा.

मात्रा वाढवत नेली की ठोके वाढतच जातील ही अपेक्षा चुकीची आहे. कॅफिन एकच काम करत नाही. थोड्या मात्रेत ते ॲडेनोसिनचे ग्राहक (रिसेप्टर) अडवते. सस्तन प्राण्यांत ॲडेनोसिन हृदयाला शांत ठेवते, तो लगाम सुटतो. मिलिमोलरच्या घरात गेले की पेशीतला सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू मोडणारे विकरही ते रोखते. आणि १० मिलिमोलरला स्नायूपेशीच्या आतल्या साठ्यातले कॅल्शियम ते भसकन बाहेर काढते. मूळ द्रावणात गर्भ पाहायला सांगितले ते यासाठी. तिथे हृदय अडखळत, थांबून थांबून चालताना किंवा मंदावताना दिसले तर प्रयोग चुकला असे समजू नका. तेव्हा सरासरीबरोबर अनियमितपणाही नोंदवा: दहा ठोक्यांमधले सर्वांत मोठे आणि सर्वांत छोटे अंतर.

या आकड्यांवरून गरोदर बाईने किती चहा प्यावा हे सांगायला जाऊ नका. एक-दोन कप कॉफीनंतर माणसाच्या रक्तात कॅफिन ०.०५ मिलिमोलरच्या आतच असते. तुमची १ मिलिमोलरची बाटली त्याच्या वीस पटीहून जास्त आहे. माणसात कॅफिन वार ओलांडून बाळापर्यंत जाते आणि गरोदरपणात ते शरीरातून निघायला जास्त वेळ लागतो, हे वेगळ्या अभ्यासांतून माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेणाऱ्या गरोदर स्त्रियांना ते कमी करायला सांगते, ते त्या अभ्यासांवरून, गोगलगायीवरून नाही.

उरलेले कॅफिनचे पाणी बादलीभर पाण्यात मिसळून शोषखड्ड्यात ओता, बोडीत नको. प्रयोगात वापरलेली अंडी उकळत्या पाण्यात टाकून मग मातीत पुरा. मोठ्या गोगलगायी जिथून आणल्या तिथेच सोडा. दुसऱ्या तलावात सोडल्या तर त्यांच्यासोबत जनावरांच्या कृमीही तिकडे जातात.